पडद्यावरची खेळणी की गंगाघाटावरची?

जुन्या खेळण्यांची शंभरापासून एकपर्यंत उलटी गणती करणारे टीव्हीवरचे कार्यक्रम मी आवडीने बघते. लेगोच्या विटेचं पेटंट १९५८ चं, बार्बी १९५९ ची, रुबिक क्यूब १९७४ चा, हे मला तिथेच कळलं.

पण आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घरात यातलं काहीच नव्हतं. होती ती पत्र्याची फटफट बोट, आजोबांनी गोदाकाठच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणलेली. पोटातल्या चपट्या डबीत नळीतून पाणी भरायचं, खाली तेलाची वात पेटवायची. वाफ नळीतलं पाणी मागे ढकलायची, निवली की पाणी पुन्हा आत ओढलं जायचं. परातभर फट् फट् चालायचं, आणि हाताला तेलाचा वास दिवसभर.

टीव्हीवर खेळणं जेमतेम दिसतं, की पुढचा क्रमांक येतो. माहिती हवी तर ते बघावंच. पोरांसाठी मात्र मी डोळे झाकून बाजार निवडीन. गेल्या दिवाळीत भाचीला भोवरा घेतला. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळायला शिकवण्यातच अर्धा तास गेला. तिसऱ्या दिवशी तो तिच्या तळहातावर फिरला. भोवऱ्याची आर, खालचं लोखंडी टोक, टोचत होती, तरी पोरीने हात हलवला नाही.