ठासणीची दारू घेताना नळीत काय उरतं ते बघा

आमचं रान किनवट भागात, जंगलाला खेटून. ज्वारी हुरड्यात आली, भुईमूग भरला की रानडुकरं उतरलीच म्हणून समजा. घरात वडिलांपासूनची ठासणीची बंदूक आहे, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू भरून गजानं ठासायची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर. जनावर मारायला वनखात्याची परवानगी लागते, तो विषय वेगळा. मी कोरा, म्हणजे गोळीशिवाय, बार काढतो, आवाजानं कळप पांगतो. पण कोरा असला तरी दारू तीच आणि नळीत बसणारी घाणही तीच.

यंदा नांदेडच्या परवानाधारक दुकानातून दोन प्रकारची काळी दारू घेतली, एक जाड दाण्याची, एक बारीक. आधी ज्या दुकानातून घ्यायचो तिथल्या मालात दाण्यापेक्षा भुकटीच जास्त असायची. या दुकानदारानं परवाना बुकात नोंद केली आणि माल कागदावर ओतून दाखवला. "काका, दाणा हातात घेऊन बघा, मग पैसे द्या," म्हणाला. दोन्ही माल एकसारख्या दाण्याचे. बोटांत चुरडले तरी पीठ होत नव्हतं आणि तळहात जेमतेम काळा झाला. चांगल्या दारूची पहिली खूण हीच.

दुसरी खूण रानात बघितली. उघड्या बांधावर, पुडी लांब ठेवून, पांढऱ्या कागदावर चिमूटभर जाड दाणा ठेवला आणि लांब काडीनं पेटवला. भस्सकन एका दमात जळाला. कागदावर करडा डाग राहिला, पण कागद जळाला नाही, न जळलेला दाणाही कुठं दिसला नाही. जुन्या दुकानाच्या उरलेल्या दारूनं कागदाला भोक पाडलं आणि भोवती मण्यासारखे काळे थेंब सोडले. तेच थेंब नळीच्या बुडाशी आणि निपलच्या, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसते त्या नळकांडीच्या, भोकात साचतात, मग टोपी फुटते पण बार उडत नाही.

आता दारूला "स्वच्छ जळणारी" म्हणतात, त्या शब्दाबद्दल. काळी दारू कितीही उत्तम असो, तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर आणि क्षार होऊनच उरतो. हे क्षार हवेतली ओल ओढतात, म्हणून पावसाळ्यात रात्री बार काढून बंदूक तशीच टांगली तर सकाळी नळीला तांबूस रंग चढलेला असतो. चांगल्या मालात फरक एवढाच की काजळी मऊ राहते, ओल्या चिंधीनं निघते आणि दुसऱ्या बाराला गज अडत नाही.

भाचा टेक्सासात असतो, तिकडं ठासणीच्या रायफलीनं शिकार करणारे पुष्कळ. तो सांगतो, "मामा, इथं काळ्या दारूऐवजी ट्रिपल सेव्हन वापरतात, त्यात गंधक नाही, पाण्यानं धुतली जाते." ती काळ्या दारूपेक्षा जोरकस, म्हणून माप कमी भरावं लागतं. ब्लॅकहॉर्न २०९ ही तशीच दुसरी दारू तर फारच कमी काजळी सोडते, पण तिला २०९ नंबरचा शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा भाग, लागतो, आपली टोपी चालत नाही, आणि ती पाण्यानं नाही, सॉल्व्हंटनं साफ करतात. रायफलीच्या नळीत खाचा असतात, खाचांत घाण बसली की गोळी घट्ट होते आणि नेमही जातो, म्हणून त्यांना ही चिंता आपल्यापेक्षा जास्त. आपल्या गुळगुळीत नळीला चांगली काळी दारू पुरे.

नांदेडच्या दोन्ही मालांत मी जाड दाणा घ्या म्हणेन. बारीक दाणा झपाट्यानं जळतो, काजळीही थोडी कमी, पण नळीतला दाब वाढतो, आणि वडिलोपार्जित नळीवर मला तो नको. काडतुसातली बिनधुराची दारू तर ठासणीत कधीच घालू नका, नळी फुटते आणि माणूस जातो. दारू मापानंच भरा, डब्यातून थेट नळीत ओतू नका, आत ठिणगी असली तर हातातला डबा पेटतो. दोन बारांच्या मध्ये ओली चिंधी फिरवाच.

बार झाल्यावर त्याच रात्री नळी गरम पाण्यानं धुवा, कोरडी करा, मग तेल. आमच्याकडं घरोघर करडईचं तेल असतं, पण ते लावू नका. करडई सुकत जाते आणि राळेसारखी चिकटते. खोबरेल बरं.

भाव आधीच्या दुकानापेक्षा चढा आहे, पण माल त्या लायकीचा आहे. माणूस नीट बोलतो, घाई करत नाही. टोप्या मात्र त्याच्याकडं दर वेळी नसतात, किनवटवरून जाणार असाल तर आधी फोन करा, आणि परवाना बुक सोबत घ्या, त्याशिवाय तो पुडी देत नाही.