शास्त्राभ्यासाचा वर्ग: तीन नियम चोख, चौथा आखूड

पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेआठ हा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल अभ्यासाचा, वर्ग चालतो. फी नाही, शेवटी दानाचा डबा फिरतो. चहा बरा, खारी कधीकधी सादळलेली. पंख्याखालची खुर्ची हवी असेल तर पावणेसातला या. चर्चचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे थोडं टोचून लिहिलंय आणि वर्ग घेणारे सर मला दर रविवारी उपासनेला भेटतात.

मी इथे जाते ती नियमांसाठी. नगरकडच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चच्या समाजात, वाढलेल्यांना हे पटेल. शास्त्राभ्यासाला बसलेली दहा माणसं अर्ध्या तासात बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून यावर येतात आणि पाऊण तासात एकमेकांच्या आजोबांवर. इथे पहिल्याच दिवशी हातात एक झेरॉक्स ठेवतात, चार ओळींची. प्रश्न नेमलेल्या उताऱ्यावरचाच हवा. तो उतारा ज्यांना लिहिला, त्यांना काय कळलं असेल ते आधी बघायचं. जे म्हणाल त्याला आधार दाखवायचा. आजच्या गोष्टी इथे नाहीत. ‘कोणता पंथ खरा’ विचारू नका असं कुठे लिहिलेलं नाही, पण या चार ओळींत तो प्रश्न शिरूच शकत नाही. म्हणून तर कॅथलिक, सीएनआयवाले (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल आणि संस्कृत शिकवणाऱ्या एक जोशीबाई एका टेबलाशी बसतात.

‘प्रभूने मला दाखवलं’ असं कुणी सुरू केलं की सर शांतपणे म्हणतात, “त्यावर आम्हाला प्रश्न विचारता येणार नाहीत, ते बुधवारच्या प्रार्थनासभेत सांगा.” जागा दाखवून देतात, पण खरोखरीची.

बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायाला तर नियमांची खरी परीक्षा होती. एका काकांनी तिथला श्वापदाचा आकडा ६६६ म्हणजे आधार कार्ड की बारकोड असा विषय काढलाच. सरांनी विचारलं, हे पुस्तक आसियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना लिहिलेलं. इफिस आणि स्मुर्ण्याच्या लोकांनी हा आकडा कशाला लावला असता? हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. मग रोमचा सम्राट निरो कैसर याचं नाव ‘नेरोन कैसर’ असं हिब्रू अक्षरांत मांडून बेरीज केली, ती ६६६ भरली. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे हेही निघालं, आणि त्यातल्या ‘नेरोन’चं शेवटचं ‘न’ गाळलं की बरोबर तेवढेच उरतात. काकांनी वहीत दोन्ही बेरजा उतरवून घेतल्या. आधार कार्डाचं नाव पुन्हा निघालं नाही.

बायबलमध्ये कोणती पुस्तकं धरायची, यावर नियम गप्प आहे, आणि ते बरं आहे. आमच्या शास्त्रात ६६ पुस्तकं, वसईच्या कॅथलिक मावशींच्या बायबलमध्ये ७३. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात, सुटका नाकारून हालहाल सोसलेल्यांचा उल्लेख आला तेव्हा आम्ही सगळे पानं चाळत बसलो. मावशींनी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली सात मुलांची आई वाचून दाखवली. तिथे ६६चा हट्ट धरला असता तर ती ओळ तशीच लोंबकळत राहिली असती.

आता तक्रार. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र चाललं होतं. अवघी २५ वचनं. प्रेषित पौल अनेसिम या दासाला त्याच्या धन्याकडे, फिलेमोनाकडे, परत पाठवतोय, दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून घे असं सांगतोय, पण त्याला मुक्त कर असं स्पष्ट कुठेच लिहीत नाही. मराठवाड्यातला एक मुलगा म्हणाला, “सर, तो परत गेल्यावर बसला कुठे? जेवला कुणाच्या पंगतीत? आमच्या गावात आम्हीही मंडळीत बंधूच आहोत.” सरांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मुलगा गप्प झाला.

मला हे अजिबात पटलं नाही. दुसऱ्या वचनातच आहे की मंडळी फिलेमोनाच्या घरी जमत असे. म्हणजे अनेसिम परतला तो धन्याच्या घरात आणि उपासनेत एकदमच. तो कुठे बसला हा प्रश्न पत्राच्या आतलाच आहे, फक्त तो सुचायला गावातली पंगत पाहिलेली असावी लागते. आणि लोकांनी हे पत्र कसं वाचलं, हा अभ्यास नाही का? अमेरिकेत पळालेल्या गुलामाला धन्याकडे परत करायला लावणाऱ्या १८५०च्या कायद्याची बाजू घेणारे हेच पत्र पुढे करत. त्याआधी जॉर्जियात चार्ल्स कॉलकॉक जोन्स या पाद्र्याने गुलामांपुढे यावर उपदेश केला, पळून जाणं कसं वाईट ते सांगितलं, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. त्या उठून गेलेल्यांना पत्र कळलं नव्हतं असं म्हणायची माझी तरी तयारी नाही.

गावच्या मंडळीचं भांडण वर्गात आणू नये, इतपत चौथी ओळ मला मान्य आहे. पण वाचणारा कुठून आलाय हेही त्यात कापलं जातं. ती ओळ अशी हवी: आजची गोष्ट सांगा, पण तिच्यातून उताऱ्याला प्रश्न विचारा. मी हे कागदावर लिहून सरांना दिलं. त्यांनी घडी घालून शास्त्रात ठेवलं, “पुढच्या महिन्यात नियमांवर बसू” म्हणाले.

तोवर पाचपैकी साडेतीन तारे. पुढचा उतारा रूथ आहे. आपलं शास्त्र आपणच आणा, तिथली प्रत तिघांत एक येते. हॉलला सात पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, गुडघेवाल्यांनी कुणालातरी सोबत घ्या.