रोममधला पहिला दिवस आणि कोलोसियमचं १८ युरोचं तिकीट

आदल्या रात्री उशिरा पोचलो, झोप जेमतेम पाच तास, तरी सकाळी साडेसातला दोघंही बूट घालून तयार कारण आमचा कोलोसियमचा स्लॉट ९ चा होता. ह्या एका तिकिटात कोलोसियम (रोमन काळातलं झुंजींचं गोल मैदान), पॅलाटाइन टेकडी आणि रोमन फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) तिन्ही येतं, २४ तास चालतं. घ्यावं का असं विचाराल तर डोळे मिटून घ्या, पण तो दिवस मग त्यालाच द्या, त्याच दिवशी व्हॅटिकन पण उरकू म्हणाल तर काहीच धड बघून होणार नाही.

बुकिंगचं आधी सांगते. अधिकृत साइटवर तिकिटं ३० दिवस आधी उघडतात आणि पटापट जातात, तिकिटावर नाव असतं आणि ते पासपोर्टशी जुळावं लागतं. आम्ही आधी एका दुसऱ्याच साइटवर दुपटीहून जास्त भावाने घ्यायला निघालो होतो, रांगेत उभं राहावं लागणार नाही असं लिहिलेलं म्हणून. पण सिक्युरिटी चेकची रांग सगळ्यांनाच आहे हो, ती कोणालाच चुकत नाही.

मेट्रोच्या बी लाइनने कोलोसेओ स्टेशनला उतरलो आणि बाहेर आलो की समोर तेच! मी शाळेच्या पुस्तकात बघितल्यापासून मनात धरून ठेवलेली गोष्ट, मला एकदम भरून आलं. नवरा म्हणाला, "अगं थांब जरा, आत नंतर जाऊ," आणि आम्ही पाच मिनिटं नुसते उभे. भिंतीभर भोकं दिसतात ना, ती मोडतोड नाही, दगड जोडायला आत लोखंडी पकडी होत्या, त्या नंतरच्या लोकांनी धातूसाठी उपटून नेल्या त्याच्या खुणा. आणि कमानींच्या वर बघा, रोमन आकडे कोरलेत. एकूण ८० दारं होती, त्यातल्या ७६ वर नंबर, उरलेल्या बाहेरच्या भिंतीवर २३ ते ५४ अजून वाचता येतात. गेट नंबर बघून आपली सीट शोधायची पद्धत इसवी सन ८० मधली, मला हे फार आवडलं.

ह्या तिकिटात तळघरात आणि मैदानावर जाता येत नाही, पण मैदानाची मूळ फळीच उरलेली नसल्यामुळे वरून खालचे बोळ दिसतात, जिथून जनावरं आणि माणसं दोरांच्या लिफ्टने वर आणायचे. ते बघताना दोघंही गप्प झालो. सुंदर आहे आणि भयंकरही आहे, दोन्ही एकदम वाटतं.

बाहेर येऊन आधी पोटभर पास्ता खाल्ला आणि हे मुद्दाम सांगतेय कारण फोरम-पॅलाटाइनमध्ये एकदाच आत जाता येतं, जेवायला म्हणून बाहेर पडलात की संपलं. आम्ही सान ग्रेगोरिओ रस्त्यावरच्या गेटने आधी टेकडीवर गेलो, तिथे पाइनची सावली आहे, फोरममध्ये ऊन नुसतं भाजतं. प्यायच्या पाण्याचे नळ आतही आहेत, सतत वाहतात, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, बाटली रिकामी असली तरी चालेल पण बरोबर असू द्या.

फोरमबद्दल खरं बोलायचं तर माहिती नसेल तर नुसते दगड वाटतील. आम्ही घेतलेलं ऑडिओ ॲप अर्ध्यात बंद पडलं, पुढच्या वेळी ह्या भागासाठी तरी गाइड घेणार. तरी एक जागा अजिबात सोडू नका, सम्राट अँटोनिनस आणि त्याची राणी फाउस्टिना यांचं देऊळ. त्याच्या खांबांमागे आता चर्च आहे आणि त्या चर्चचं दार जमिनीपासून कितीतरी उंच, हवेत लटकल्यासारखं. कारण शेकडो वर्षांत गाळ साचून जमीनच तिथपर्यंत वर आली होती, सगळं फोरम गाडलं गेलेलं आणि वर गुरं चरायची, लोक त्याला गुरांचं कुरण असंच म्हणायचे! मग खणून हे सगळं वर काढलं. तिथून पुढे ज्युलियस सीझरला इसवी सन पूर्व ४४ मध्ये जिथे दहन केलं ती जागा, साधा मातीचा ढीग आणि वर छप्पर, लोक अजूनही फुलं ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा ताजी होती.

संध्याकाळी कॅपिटोलिन टेकडीच्या बाजूने बाहेर पडलो, पाय अक्षरशः गेले होते, पण वर महापालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलात की कठड्यावरून अख्खं फोरम खाली दिसतं, त्याला तिकीट नाही. ऊन उतरलेलं, दगड सोनेरी झालेले, आणि नवरा बोट दाखवून विचारत होता हे कुठलं, ते कुठलं, सकाळी एकही सांगता आलं नसतं, आता मी सहा-सात तरी सांगितली. अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.