चार तारा की पाच: ऑर्केस्ट्रातल्या बासवाल्याचा हिशेब

घरी हेडफोन लावून वाजवणार असाल तर चार तारांचा बास गिटार घ्या आणि खूश राहा. पुढचं सगळं त्यांच्यासाठी, जे महिन्यातून चार-सहा वेळा बास पाठीवर टाकून लोकल पकडतात, नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत शिरतात आणि ज्यांच्या हातात शो सुरू व्हायच्या अर्धा तास आधी एक कागद पडतो. त्यावर गाण्यांची यादी, आणि प्रत्येक गाण्यापुढे पेनाने लिहिलेली पट्टी, म्हणजे गायकाचा सा कुठल्या स्वरावर ते.

मी दोन्ही वाजवलेत. नऊ वर्षं फेंडरच्या जॅझ बास मॉडेलच्या धाटणीचा चार तारांचा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा), आणि आता चार वर्षं झाली, पाच तारांचा ॲक्टिव्ह (आतलं सर्किट बॅटरीवर चालणारा). लाकूड कुठलं, पिकअप (तारांचा कंप पकडणारी चुंबकं) किती, हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर दुकानदार सांगेलच. मी फक्त स्टेजवर काय होतं ते सांगतो.

आधी चार तारांच्या बाजूने, कारण त्या बासवर माझा अजून जीव आहे. हाताला मान बारीक लागते, जॅझ बासची तर नटपाशी (मानेच्या टोकाला, तारा ज्या खाचांतून जातात तिथे) जेमतेम ३८ मिलिमीटर. तीन तासांच्या शोनंतर डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी जे दुखतं ते चारावर कमी दुखतं. वजनातही माझ्या दोन बासांत फरक आहे. आकडा सांगत नाही, पण दादरच्या पुलावर कळतो. पॅसिव्ह असल्यामुळे बॅटरीची भानगड नाही. जॅक खुपसला की आवाज. जुनी भावगीतं, लावणी, साठ-सत्तरच्या दशकांतली हिंदी गाणी, यांत चार तारांच्या त्या गोल, जरा लाकडी आवाजाला तोड नाही असं मला तरी वाटतं. आवाजाच्या बाबतीत प्रत्येकाचा कान वेगळा, त्यामुळे वाद घालणार नाही.

एक त्रास मात्र होता. सिंगल कॉइल पिकअपवाला जॅझ बास जनरेटरवर आणि एलईडी भिंतीशेजारी गुणगुणतो. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की दोघांची गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते, एक जरा कमी केला की पुन्हा सुरू. म्हणजे दोन नॉब असूनही मांडवात ते मी कधी फिरवले नाहीत. याची सवय झाली होती. यासाठी मी बास बदलला नसता.

बदलला तो पट्टीसाठी.

कोजागिरीचा कार्यक्रम होता, एका सोसायटीच्या गच्चीवर. आमच्या मुख्य गायकाचा घसा आदल्या दिवसापासून बसलेला. विंगेत म्हणावं अशी जागाही नव्हती, पाण्याच्या टाकीमागे उभे होतो, तिथे तो म्हणाला, "आज माझी सगळी गाणी अर्ध्या सुराने खाली घ्या रे." कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोजचं बटण एकदा दाबलं आणि चहाचा कप उचलला. गिटारवाल्याने कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) एक घर मागे सरकवला. ढोलकीवाल्याने पिशवीतून दुसरी ढोलकी काढली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझ्या बासला ना बटण ना कॅपो.

पहिलंच भावगीत पांढरी तीनचं (पेटीवरची तिसरी पांढरी, म्हणजे ई) होतं, ते आलं तिच्या लगतच्या खालच्या काळी दोनला. पांढरी तीन म्हणजे चार तारांच्या बासची सगळ्यात जाड मोकळी तार. त्या गाण्यात वर्षानुवर्षं बोट न लावता ती तार सोडायची मला सवय. काळी दोनला तीच मोकळी तार कोमल रिषभ होते. भैरव असता तर एखाद्या वेळेस खपून गेलं असतं. मुखड्याला दोनदा, अंतऱ्याला एकदा मी समेवर कोमल रे दिला, आणि गायकाने वळून पाहिलं ते घशाला हात लावूनच.

चूक माझी, मान्य. हात आवरला असता तर ती टळली असती. पण चूक टाळूनही जे उरतं ते मला जास्त खुपतं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन या चार पट्ट्यांत चार तारांच्या बासला खालचा सा नाहीच. सा घ्यायचा तर मधल्या तारेवर वर जावं लागतं. मंद्रातल्या पंचमावरून समेला खालच्या 'सा'वर उतरायचं, तर आपण चढतो. ताल बरोबर, स्वर बरोबर, तरी गाणं जमिनीला टेकत नाही. प्रेक्षकांना नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण कीबोर्डवाल्याला येतं, आणि तो डाव्या हाताने तुमचा खालचा सा वाजवायला लागतो. एकदा तो वाजवायला लागला की आयोजकाच्या डोक्यात विचार येतो, मग बासवाल्याचं पाकीट कशाला?

आणि आपल्याकडे पुरुष गायक या चार पट्ट्यांत कितीदा असतात ते तुम्ही जाणताच. काळी एक तर ठरलेलीच. गाणी मुळात कुठल्याही पट्टीत असोत, गायकाचा गळा जिथे बसतो तिथे ती बसवली जातात. परदेशी धड्यांच्या व्हिडिओंमध्ये "चार तारांत सगळं होतं" असं सांगणारे लोक खरंच बोलतात, त्यांचा बँड गाणं ज्या पट्टीत शिकला त्याच पट्टीत वाजवतो. आपल्याकडे पट्टी हा गाण्याचा गुण नसून गाणाऱ्याचा आहे.

यावर मी आधी स्वस्तातले उपाय केले. जाड तारेच्या खुंटीला एक खटका बसवतात, तो पाडला की तार पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरते. झकास वस्तू, पण त्या तारेवरची सगळी घरं दोनाने सरकतात, आणि एका गाण्यासाठी खटका पाडून पुढच्या गाण्यात तो विसरायला मी कमी पडलो नाही. शिवाय काळी एक आली की तोही हरला. मग चारी तारा अर्ध्या सुराने उतरवून पाहिल्या. एका गायकाला जमलं, दुसऱ्या मिनिटाला गायिका काळी चारला आली. ऑक्टेव्ह पेडल (स्वर एक सप्तक खाली नेणारा) खालच्या स्वरांत गोंधळतो, निदान माझा तरी गोंधळायचा, घसा खाकरल्यासारखा. चार तारांच्याच बासला पाचाच्या खालच्या चार तारा लावतात असंही करून झालं. त्यासाठी नटच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागतात आणि वरची बारीक तार जाते. खाचा रुंद केलेला बास परत विकताना भाव पडतो हे मला नंतर कळलं.

तर पाच तारा. पाचवी तार चौथीपेक्षा जाड आणि तिच्याहून खालची, त्यामुळे या चारही पट्ट्यांचा खालचा सा तिच्यावर मिळतो. इथेही सगळं गोड नाही, आणि विकणारा माणूस हे सांगत नाही.

पहिली अडचण, पाचवी तार आपली आपण वाजत राहते. तुम्ही वरच्या तारेवर काहीतरी नाजूक वाजवताय आणि खाली ती घूं करत बसलेली. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर टेकवायची सवय मोडून तो तारांवर टेकवत सरकवावा लागतो. मला दीड-दोन महिने गेले. पहिल्या तीन-चार शोंमध्ये तर हात सवयीने एक तार चुकायचा, सर्वांत जाड तार म्हणजे पांढरी तीन हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं.

दुसरी, आवाज पोचतो का? मोकळी चौथी तार वाजते ४१ हर्ट्झला, पाचवी ३१ ला. छोट्या सभागृहात काठीवर उभे केलेले बारा इंची स्पीकर इतकं खालचं फारसं देत नाहीत, त्यात साउंडवाल्याने लो-कट (खालचे स्वर कापणारं बटण) दाबलेला असतो. तिथे ऐकू येतात ते त्या स्वराचे वरचे अंश, मूळ स्वर कान स्वतः भरून काढतो. म्हणून कोणी म्हणेल, मग पाचवी तार घेऊन उपयोग काय? माझा अनुभव असा की तो स्वर वरच्या अंशांतूनही खालचाच वाटतो, समेला टेकतो. मोजून दाखवू शकणार नाही.

याच्या उलट गणपतीतला मांडव. अठरा इंची सब्सची (खालच्या स्वरांच्या स्पीकरांची) भिंत, आणि स्टेज म्हणजे पिंपांवर टाकलेल्या फळ्या. काळी एकचा खालचा सा धरला की फळ्या, कीबोर्डचा स्टँड, पायाजवळची पाण्याची बाटली, सगळं एकदम थरथरतं. साउंडवाला बासचा फेडर खाली ओढतो, आणि मग पाचवीबरोबर बाकीच्या चारही जातात. आता मी मांडवात शिरलो की खालच्या स्वरांचा नॉब मध्यापेक्षा जरा मागे ठेवतो आणि मिड्स (मधले स्वर) किंचित पुढे. साउंडवाला स्वतःहून मला वर घेतो. हा माझा या धंद्यातला एकमेव डावपेच.

तिसरी, बॅटरी. पाच तारांचे ॲक्टिव्ह बास बाजारात जास्त दिसतात. माझा घ्यायच्या आधी मित्राचा मागून नेला होता. दुपारी साउंड चेक झाला, बास स्टँडवर ठेवला, जॅक तसाच. ॲक्टिव्ह बासमध्ये जॅक आत असला की सर्किट चालूच राहतं, वाजवा नाहीतर झोपा. बॅटरी कधीची होती मित्राला माहीत, मला नाही. रात्री तिसऱ्या गाण्यात आवाज आधी चिरका झाला, मग फाटला, मग गेलाच. मागचं झाकण चार बारीक स्क्रूंचं. स्क्रू ड्रायव्हर कोणाकडे? शेवटी लाइटवाल्याचा टेस्टर घेतला, पण त्याचं टोक चपटं आणि स्क्रू चौफुलीचे. निवेदिकेने तेवढ्या वेळात प्रायोजकांची नावं दुसऱ्यांदा वाचली. नऊ व्होल्टची बॅटरी मात्र माझ्या खिशात होती, हे विशेष.

त्यामुळे माझी एकच अट: पाच तारांचा ॲक्टिव्ह घ्यायचा तर ज्याला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह खटका आहे तोच. बॅटरी मेली की खटका पाडा, टोन जरा मंद होईल, शो होईल. माझ्या यामाहा टीआरबीएक्स ५०५ वर तो आहे, इतर कंपन्यांच्या काही बासांवरही असतो. चार वर्षांत दोनदा पाडला. दोन्ही वेळा कोणाच्या लक्षात आलं नाही, मला थोडं वाईटही वाटलं.

खर्चाचं थोडक्यात. पाच तारांचा संच महाग, आणि तालुक्याच्या गावी पाचवी तार सुटी मिळेल ही आशा सोडा. बॅगेत एक जास्तीची ठेवा. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला फिरलात तर मिळते.

जुना घेणार असाल तर गंमत अशी की चार तारांचा लगेच विकला जातो आणि पाच तारांचा पडून राहतो. शिकणाऱ्या पोरांना चारच हवा असतो. माझ्या चार तारांच्या जाहिरातीला एका संध्याकाळी सहा फोन आले, खाचा रुंद असूनही. उलट पाच तारांच्या मालकाला मी तीन आठवडे रोज विचारत होतो, चौथ्या आठवड्यात त्यानेच भाव पाडून मला फोन केला. म्हणजे चार विकून पाच घ्यायचा असेल तर बाजार तुमच्या बाजूने आहे. उलटं करायचं असेल तर नाही.

बघायला गेलात की वरच्या चार तारांवर स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून) वाजवून मालकाला खूश करू नका. थेट पाचवीवर या. मोकळी वाजवा, मग बाराव्या घरावर. स्वर जुळला पाहिजे. मग पाचव्या-सहाव्या-सातव्या घरावर हळू आणि जोरात. स्वस्तातल्या बासवर नेमकी इथे ती तार रबरासारखी लोंबते, सूर दाबल्यावर आधी वर जातो मग जागेवर येतो. तसं असेल तर गोड बोलून निघा. बॅटरीचं झाकण उघडून बघा, आत हिरवी बुरशी धरलेली असेल तर पुन्हा गोड बोलून निघा. पावसाळ्यात बघत असाल तर ॲक्शन (तारांची मानेपासूनची उंची) जरा वर आलेली दिसेल, त्याला घाबरू नका, ट्रस रॉड (मानेचा बाक काढणारी आतली सळई) फिरतो की नाही एवढं विचारा. आणि घरून स्ट्रॅप घेऊन जा, उभं राहून वाजवा. बसून कुठलाही बास हलकाच लागतो.

तरी मन होत नसेल तर पैसे काढायच्या आधी एक करा. तुमच्या शेवटच्या तीन शोंचे ते पट्टीचे कागद शोधा, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चुरगळलेले सापडतील. पांढरी एक ते काळी दोन या चार पट्ट्यांतली गाणी मोजा. माझ्या एका शोच्या यादीत अठ्ठावीसपैकी अकरा निघाली होती, त्यात पहिलं आणि शेवटचं दोन्ही. तुमची तीन-चारच निघाली तर चार तारांचाच ठेवा आणि वाचलेल्या पैशांत रुंद, गादीवाला स्ट्रॅप घ्या.