छत आणि भिंतीमधली थंडीतली भेग: सीलंट भरून चौदा महिने झाले

आमच्या घरात ड्रायवॉलची (जिप्समच्या बोर्डांची) आतली भिंत छताला मिळते तिथे दर थंडीत नखभर रुंद भेग पडायची. उन्हाळ्यात ती जवळजवळ मिटायची. दोन वर्षं मी ती कागदी टेप आणि जॉइंट कंपाउंडने (सांधे भरायच्या लुकणाने) बुजवली, आणि दोन्ही वेळा पुढच्या थंडीत टेप सुरकुतून सुटली.

छप्पर लाकडी कैच्यांचं, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांचं आहे. कैचीचा खालचा दांडा इन्सुलेशनखाली (थंडी अडवणाऱ्या थराखाली) उबदार आणि कोरडा राहतो, तर वरचे दांडे थंडीत ओलावा धरतात आणि किंचित लांब होतात. त्या ताणाने खालचा दांडा मधोमध वर उचलला जातो, छत त्याच्याबरोबर जातं आणि भिंत जागच्या जागी राहते. कंपाउंड सुकलं की दगडासारखं, ते फुटणारच. सांधा हलणार हे धरूनच काम करायला हवं होतं.

म्हणून या खेपेला रंग धरणारं ॲक्रिलिक सीलंट, म्हणजे सुकल्यावरही लवचीक राहणारं भरण, घेतलं. (निव्वळ सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.) भेग अर्धवट उघडी असताना, थंडी सुरू होण्याआधी भरली, म्हणजे सीलंटला ताणायलाही वाव आणि दबायलाही. जुनी टेप कापून काढली, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, साधारण ६ मिलिमीटरची रेघ ओढली, ओलं बोट फिरवलं आणि सीलंट ओलं असतानाच मास्किंग टेप उचलली. दुसऱ्या दिवशी रेघ आत बसलेली दिसली, कारण सुकताना ते आकसतं. दुसरा हात दिल्यावरच सपाट झाली.

एक अख्खी थंडी गेली, दुसरी सुरू आहे. टॉर्च आडवा धरून पाहिलं: सांधा शाबूत आहे. वरच्या रंगाला मात्र बारीक तडे आहेत. सीलंट ताणतं तेवढा रंग ताणत नाही. खाली उभं राहून ते दिसत नाहीत, मला चालतात. दाराजवळ वीतभर सीलंट भिंतीपासून सुटलं. तिथे मी भुगा नीट झाडला नव्हता. तेवढा भाग खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन पुन्हा भरला.

फट बोटभर उघडत असेल तर सीलंट पुरणार नाही. तिथे फक्त छताला ठोकलेली मोल्डिंग पट्टी लावा, भिंतीला ठोकू नका, म्हणजे ती छताबरोबर वरखाली सरकेल. आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जात असेल, दारं अडकत असतील किंवा ओलीचे डाग असतील, तर सीलंट आणण्याआधी इंजिनिअरला दाखवा.