शेवटचा शब्द कोणाचा: एकाचा, समितीचा की सगळ्यांचा?

स्वयंसेवकांचा ऑनलाइन समूह उभा करताय? मग पहिलं भांडण होण्याआधीच हे ठरवून लिहून ठेवा. तिन्ही वाटा आधी कोणीतरी चालून पाहिल्या आहेत.

पायथन या संगणकभाषेत अनेक वर्षं शेवटचा शब्द तिचे निर्माते गुइडो व्हॅन रोसम यांचा होता. एकहाती कारभारात निर्णय झटपट होतात, कामाला एक सूर राहतो. पण रोषही त्याच एका माणसावर येतो. भाषेत ':=' एवढंसं चिन्ह घ्यायच्या प्रस्तावावरून कडाक्याचा वाद झाला आणि प्रस्ताव मंजूर करून जुलै २०१८ मध्ये ते बाजूला झाले. वारस नेमलेला नव्हता. त्यामुळे कारभाराची पद्धत कोणती, इथपासून मतदान घ्यावं लागलं. २०१९ मध्ये ५ जणांची समिती आली. तिचा एक नियम जरूर उचला: एकाच कंपनीचे दोनांहून जास्त सदस्य नकोत.

डेबियन ही स्वयंसेवकांनी उभी केलेली संगणकप्रणाली. तिचं संविधान १९९८ चं. प्रमुख दरवर्षी निवडतात, तरी ज्याचं पॅकेज, म्हणजे जो प्रोग्रॅम ज्याने सांभाळायला घेतला, त्याबद्दल त्याचाच निर्णय. तो फिरवायचा तर तांत्रिक समितीत ३ विरुद्ध १ असं बहुमत लागतं आणि सर्व सदस्यांचा ठराव समितीच्याही वर. आमच्या मते तिघांत हीच घडी सर्वांत पक्की आहे. मात्र समितीत माणसं विषम ठेवा. फेब्रुवारी २०१४ मध्ये 'सिस्टमडी' हा संगणक सुरू होताना बाकी सेवा चालू करणारा प्रोग्रॅम घ्यावा का, यावर मतं ४-४ अशी पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला. नाराजांनी पुढे 'देवुआन' ही स्वतःची प्रणाली काढून वेगळी चूल मांडली.

विकिपीडियाचा भर सहमतीवर. मराठी विकिपीडियावर चर्चा 'चावडी' या चर्चापानावर होते, कौल घेतले जातात. प्रचालक, म्हणजे जास्तीचे अधिकार दिलेला सदस्य, पान काढू शकतो, सदस्याला रोखू शकतो. मजकुरावर मात्र त्याचं मत इतरांइतकंच. हे माणसं भरपूर असली तरच टिकतं. क्रोएशियन विकिपीडियावर मोजक्या प्रचालकांनी वर्षानुवर्षं मजकूर कट्टर राष्ट्रवादाकडे झुकवला, असं विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ मध्ये मांडलेल्या अहवालात आहे.

वीसेक जण असाल तर एकाकडे सोपवा, पण त्याला हटवायची रीत आणि वारस त्याच दिवशी लिहा. शंभराच्या घरात गेलात की ५ जणांची समिती, मुदत एक वर्ष. कौल घेणार असाल तर किती दिवस खुला आणि किमान किती मतं, हे आधी जाहीर करा. नाहीतर रात्री जागून लिहिणाराच जिंकतो. आणि डोमेन, सर्व्हरचा पासवर्ड, बँक खातं दोघांकडे असू द्या. कागदावर समिती आणि किल्ल्या एकाच्या खिशात असतील, तर निर्णय खिसेवाल्याचाच होतो.