डुकाटी ९००एसएस घेऊ की गुझी ले मान्स?

म्युनिकला राहणारा माझा मावसभाऊ सहा महिने झाले एकच धोशा लावून बसलाय, जुनी इटालियन बाईक घ्यायचीय, डुकाटीची ९००एसएस की मोटो गुझीची ८५० ले मान्स. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, दोन्ही व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी V सारखे. मी म्हटलं बाबा, आधी गाडी नको बघूस, मेकॅनिक बघ.

रेसिंगची पुण्याई म्हणाल तर डुकाटीपुढे गुझी जरा फिकीच. १९७२ ला इटलीतल्या इमोलाची २०० मैलांची रेस, जगज्जेता अगोस्तिनी एमव्ही अगुस्ता घेऊन आलेला असताना पॉल स्मार्ट पहिला आणि स्पाजारी दुसरा, दोघंही डुकाटीच्या ७५० डेस्मोवर (डेस्मो म्हणजे काय ते खाली सांगतो), आणि ९००एसएस १९७५ ला आली ती याच घराण्यातून. मग १९७८ ला जुना चॅम्पियन माइक हेलवूड ३८ व्या वर्षी, तब्बल ११ वर्षांनी आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी या मोटरसायकल रेसला परत येतो काय आणि डुकाटीवर तिथली फॉर्म्युला वन गटाची रेस जिंकून जातो काय! गुझीकडेही पन्नासच्या दशकातली व्ही-८ (आठ सिलिंडरची) रेसर आहे, पण ले मान्सशी तिचं नातं आडनावापुरतंच. ले मान्सची खरी आई म्हणजे गुझीचा इंजिनिअर लिनो तोंतीची १९७१ ची व्ही-७ स्पोर्ट, आणि ती बुटकी, ताठ फ्रेम आजही वळणावर जाणवते.

आता खरा फरक. डुकाटीचा डिझायनर तालिओनीच्या इंजिनात कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यापर्यंत) चेन नाही की बेल्ट नाही, शाफ्ट आणि बेव्हल म्हणजे तिरक्या दातांचे गिअर, त्यांच्या दातांतली फट पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालघालून जमवायची. वर डेस्मो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला एक रॉकर (दाबणारी दांडी) आणि बंद करायला दुसरा, त्यामुळे व्हॉल्व्ह चार पण जमवायच्या फटी, म्हणजे क्लिअरन्स, आठ. हे काम ज्याच्या हाताला माहितीय तोच करू जाणे, बाकीचे नुसते पैसे घेतात. क्रँकचं बिग-एंड बेअरिंग वाजायला लागला तर सगळं इंजिन खोलायचं, खर्च विचारूच नका.

गुझीचं उलट. सिलिंडर दोन्हीकडे बाहेर आलेले, व्हॉल्व्हची फट जमवायला शेजारी मांडी घालून बसायचं, कव्हर काढायचं, फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेज, सरकवायचा, स्क्रू फिरवून लॉकनट आवळायचा, चहा गार व्हायच्या आत एक बाजू झाली. मागच्या चाकाला चेनच नाही, शाफ्ट. एक गंमत सांगतो, न्यूट्रलला उभी असताना थ्रॉटल पिळलात तर अख्खी गाडी उजवीकडे कलते, पहिल्यांदा बसणारा हमखास दचकतो. ब्रेकही तऱ्हेवाईक, पायाने दाबला की मागची डिस्क आणि पुढची एक, हाताला पुढची दुसरी. सवय झाली की आवडतो, मला तरी आवडला.

चालवायला डुकाटी लांब, वळायला आळशी, पण वेगातल्या मोठ्या वळणावर रेल्वेसारखी, आणि कोंती सायलेन्सरचा आवाज ऐकला की मी वर लिहिलेलं सगळं विसराल.

दोन्हींत नकली माल भरपूर हां. ८६० जीटीची ९००एसएस आणि ८५० टी३ ची ले मान्स करून विकतात, त्यामुळे फ्रेम आणि इंजिन नंबर जाणकाराला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

माझं मत, दर रविवारी चालवायची असेल तर गुझी. बेव्हलवाला मेकॅनिक हाताशी असेल तरच डुकाटी. भावाकडे तसा कोणी नाही, शिवाय ९००एसएसला सेल्फ नाही, किक उजव्या पायाने आणि याचा उजवाच गुडघा ऑपरेट झालेला. एवढं सगळं सांगून झालं, तर काल रात्री साहेबांनी फोटो पाठवले, डुकाटीचेच.